आईच्या लिलीचे पराग

आईचे दिवस झाले आणि आम्ही पाचगणीहून बेलापूरला परत निघालो. त्या सकाळी वहिनीने गाडीच्या डिकीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं आणि म्हणाली, “वन्सं, आईंच्या लिलीचा अर्धा ठोंब आहे. तुमच्या अंगणात लावा. अर्धा इथेच ठेवलाय.” २०२२च्या जूनचा पहिला आठवडा होता. पसरणीचा घाट उतरेपर्यंत गाडीभर त्या ओल्या मातीचा वास होता.

ही लिली म्हणजे डेलिली. लहानपणी आम्हाला हे नाव ठाऊक नव्हतं. स्वयंपाकघराच्या मागच्या उतारावर, मोरीचं पाणी जायचं तिथे, गवतासारख्या लांब पानांचा दाट ठोंब होता आणि मे महिन्यात त्यातून कमरेइतके दांडे वर यायचे. नारिंगी फूल, मध्ये पिवळसर घसा, सहा पाकळ्या. आई सकाळी चहा ठेवायच्या आधी एक चक्कर तिथे मारायची. काल उमललेली फुलं संध्याकाळी मिटलेली असत, ती हाताने खुडून टाकायची आणि आज कुठली उमलली ते बघायची. तिने त्या झाडाला कधी खत घातलेलं मला आठवत नाही. त्यामुळे डेलिली जगवायला काही करावं लागतं, हे माझ्या मनातही नव्हतं.

आमचं घर बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहे. चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आखलेली ही वसाहत. सात घरं, त्यांच्या मध्ये एक चौक आणि प्रत्येक घराला स्वतःची थोडी मोकळी जागा. आमच्या वाट्याला पूर्वेचं दहा बाय बारा फुटांचं अंगण आलंय. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत तिथे ऊन असतं. डेलिलीला रोज निदान सहा तास ऊन लागतं, म्हणजे ऊन पुरेसं होतं. चुकलं ते बाकीचं.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ठोंब लावला. मृग लागायचा होता, आणि झाडं लावायची ती पावसाच्या तोंडाशी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. जास्वंद, तगर, अनंत, सगळं मी जूनमध्येच लावलेलं होतं. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला, भरपूर शेणखत घातलं, ठोंब आत बसवला, पाणी साचावं म्हणून भोवती छान खोल आळं केलं. वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घातलं. आईची वस्तू म्हणून जे जे करता येईल ते सगळं केलं.

जुलैच्या मध्याला पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं जुनी पानं असतील. एक ओढून पाहिलं तर पूर्ण पंखाच्या पंखा हातात आला. डेलिलीची पानं एका पातळीत, हातपंख्यासारखी पसरतात, म्हणून तिच्या एकेका फुटव्याला मी पंखाच म्हणते. त्या पंख्याचं बूड तपकिरी, लिबलिबीत झालं होतं आणि त्याला नासक्या कांद्यासारखा वास येत होता. भर पावसात छत्री बाजूला ठेवून मी हातानेच माती उपसली. नऊ पंखे लावले होते. सात गेले होते. उरलेल्या दोघांच्या मुळांचाही काही भाग मऊ पडला होता. तेव्हा मी अंगणात बसून रडले, आणि ते रडणं फक्त झाडासाठी नव्हतं.

ते दोन पंखे घेऊन मी नेरूळच्या एका नर्सरीत गेले. तिथले माळीदादा वयस्कर आहेत. त्यांनी मुळं हातात घेऊन दाबून पाहिली आणि विचारलं, “ताई, हे कुठलं?” मी सांगितलं. “पाण्यात बसवलंत ना?” मी आळं कसं केलं होतं ते सांगितलं. मग ते म्हणाले ते वाक्य मी बागेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: “याला पाणी पाहिजे, पण पाऊस नको.”

मी म्हटलं, पाचगणीला काय कमी पाऊस पडतो? तिथे तर तो ठोंब वर्षानुवर्षं उभा होता. याचं उत्तर मला हळूहळू कळलं. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर आहे, तिथला पाऊस गार असतो, आणि आईचा ठोंब जांभ्याच्या उतारावर होता. पडलेलं पाणी घटकाभरही थांबत नव्हतं. बेलापूरला आमचं अंगण सपाट, माती चिकट काळी, त्यात मी केलेलं आळं. पाऊस पडत असतानाही इथे हवा उबदार आणि दमट. नुकताच कुदळीने तोडलेला ठोंब, मुळांच्या जखमा ताज्या, वर शेणखताचा थर आणि गरम चिखल. बुरशीला आणखी काय हवं?

माळीदादांनी मला झाडाची एक जागा बोट लावून दाखवली. पानं आणि मुळं जिथे एकत्र येतात तो पांढरट सांधा. ते त्याला ‘मान’ म्हणतात. डेलिलीला खऱ्या लिलीसारखा खवल्यांचा कंद नसतो. असतात ती जाड, मांसल मुळं, काहींना लहान शतावरीसारखे फुगवटे, आणि ही मान. मुळं तुटली तरी नवी येतात, पानं कापली तरी नवी येतात. मान कुजली की संपलं. माझ्या सात पंख्यांची मान कुजली होती.

उरलेल्या दोघांचा नासका भाग मी धारदार सुरीने काढला, कापलेल्या जागी हळद लावली, दोन दिवस सावलीत वाळू दिलं आणि जाड रेती नि कोकोपीटच्या कुंडीत लावून व्हरांड्यात, पावसाच्या माऱ्यापासून लांब ठेवलं. ते जगले.

पावसाळाभर मग मी वाचत बसले. लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला हेमेरोकॅलिस हे नाव दिलं. ग्रीकमध्ये हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलोस म्हणजे सौंदर्य. एका दिवसाचं सौंदर्य. नावात लिली असली तरी ती लिलीच्या कुळातली नाही. आजच्या वर्गीकरणात ती चक्क आपल्या कोरफडीच्या कुळात बसते. उलट कोकणातल्या कुंपणांवर पावसाळ्यात चढणारी कळलावी खऱ्या लिलीला तिच्यापेक्षा जवळची आहे. डेलिली मूळची चीन, जपान, कोरियाकडची. चीनमध्ये तिच्या कळ्या वाळवून स्वयंपाकात घालतात, आणि तिला चिंता विसरायला लावणारी वनस्पती म्हणतात. तिथे ती आईचंही प्रतीक आहे. हे वाचलं त्या रात्री मी पुढे काही वाचू शकले नाही.

माझ्या कामाची गोष्ट मात्र वेगळीच होती. डेलिलीचे थंडीतल्या वागण्यावरून तीन प्रकार करतात. पहिल्या प्रकारच्या थंडीत पानं टाकून जमिनीखाली झोपतात आणि वसंतात जाग्या होतात. दुसऱ्या सदाहरित, वर्षभर पानं ठेवणाऱ्या. तिसऱ्या अर्धवट, हवामान बघून वागणाऱ्या. झोपणाऱ्या जातींना खरी थंडी लागते. ती मिळाली नाही तर त्या वर्षागणिक लहान होत जातात आणि फुलायचं सोडून देतात. बेलापूरला जानेवारीत पहाटे शाल लागली तर आपण त्याला थंडी म्हणतो. झाड तसं म्हणत नाही. आईची नारिंगी जात, शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस फुल्वा, झोपणारी.

म्हणून ठरवलं की आईचे दोन पंखे कुंडीत सांभाळायचे आणि अंगणात इथे राहू शकेल अशी डेलिली आणायची. ‘स्टेला डी ओरो’ या छोट्या पिवळ्या जातीचं नाव सगळीकडे दिसत होतं. ती १९७५ साली नोंदली गेली आणि पुन्हा पुन्हा फुलते म्हणून तिची जगभर ख्याती आहे. पण तीही झोपणारी निघाली, मग मोह आवरला. बंगळुरूच्या एका नर्सरीतून तीन सदाहरित जाती मागवल्या: एक पिवळी, एक पीचच्या रंगाची आणि एक गडद मरून.

या वेळी जूनची वाट बघितली नाही. दिवाळी झाल्यावर लावायचं, हे पक्कं होतं. पाऊस गेलेला, ऊन कोवळं, आणि पुढचा पावसाळा यायला सात महिने. तेवढ्यात मुळं धरतात. मला विचाराल तर मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या माणसाने डेलिलीबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे आहे.

त्याआधी वाफा केला, जमिनीच्या नऊ इंच वर. कडेने विटा, तळाला विटांचे तुकडे आणि मुरूम, त्यावर दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड रेती आणि प्रत्येक रोपामागे मूठभर निंबोळी पेंड. बादलीभर पाणी ओतून बघितलं. दोन मिनिटांत खाली गेलं. तेव्हा समाधान झालं.

रोपं कुरिअरने वर्तमानपत्रात गुंडाळून आली, मातीशिवाय, पानं वीतभर ठेवून कापलेली. अशी रोपं बघून धसका बसतो, पण डेलिली असा प्रवास सहज सोसते, मुळांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. तीन-चार तास मुळं पाण्यात ठेवली. खड्ड्यात मध्यभागी मातीचा उंचवटा केला, वारुळासारखा, त्यावर रोप टेकवलं आणि मुळं चहूबाजूंनी उतरती पसरली. मान मातीखाली अगदी थोडी. पुस्तकं इंचभर म्हणतात, मी आमच्या पावसाच्या भीतीने अर्धाच इंच ठेवली आणि ते बरं झालं. दोन रोपांत दीड फूट अंतर सोडलं. पहिलं पाणी भरपूर, मग दर तीन-चार दिवसांनी, बोट मातीत दोन इंच घालून कोरडं लागलं तरच.

हिवाळा शांतपणे गेला. नवी पानं येत राहिली. मावा आला होता, पानांच्या बुडाशी हिरवा, दाटीवाटीने. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि दोनदा कडुनिंबाच्या तेलाने गेला. डेलिलीला तांबेराही होतो, गव्हाला होतो तसाच, पानाच्या मागे नारिंगी पूड येते. माझ्याकडे तो अजून आलेला नाही, तरी दर रविवारी पानं उलटून बघते.

फेब्रुवारीच्या शेवटी पिवळीच्या पंख्यातून एक जाडसर टोक वर आलं. पान नव्हतं ते. मी रोज त्याची उंची वहीत लिहायला लागले. होळी झाली आणि त्याच्या टोकाला फाटे फुटले, कळ्या मोजल्या, अकरा होत्या. एका सकाळी साडेसहाला दार उघडलं तर पहिलं फूल उघडलेलं. लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग, घशाशी हिरवट, पाकळ्यांची कड किंचित मुडपलेली. मी चहा ठेवला नव्हता अजून. तिथेच पायरीवर बसले. आई रोज सकाळी का जायची, ते बसल्या बसल्या कळलं. ते फूल उद्या नसणार.

आणि खरंच, रात्री ते मिटून ओलसर झालं. दुसऱ्या दिवशी दुसरं उघडलं. एका फुलाचा एकच दिवस, पण एका दांड्यावर अकरा कळ्या आणि एका झाडाला दोन-तीन दांडे, त्यामुळे तीन-चार आठवडे घर फुलतं राहतं. सासूबाईंना पहिल्यांदा हे पटलं नाही. देवाला वाहायचं आणि संध्याकाळी कोमेजायचं? मग त्याच म्हणाल्या की जास्वंदीचं तरी काय वेगळं असतं. तेव्हापासून सकाळचं पहिलं फूल देव्हाऱ्यात जातं. मिटलेली फुलं मी खुडते, नाहीतर ती कळ्यांना चिकटून बुरशी धरतात. फुलं संपली की दांडा बुडाशी कापते.

शेजारच्या काकूंचं मांजर आमच्या वाफ्यात ऊन खायला यायचं. लिलीसारखीच डेलिलीही मांजरासाठी विषारी आहे, पान चघळलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. हे समजलं त्याच दिवशी मी काकूंना सांगितलं आणि वाफ्याभोवती जाळी लावली. घरात मांजर असेल तर ही झाडं लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२३चा पावसाळा ही खरी परीक्षा होती. मे संपताना मी सगळं आच्छादन काढलं, वाळकी पानं कापली, खत बंद केलं. आर्द्रा नक्षत्रात तीन दिवस संततधार लागली तेव्हा रात्री टॉर्च घेऊन जायचे आणि गोगलगाई वेचायचे, एका रात्री बत्तीस वेचल्या. जुलैत पीचच्या रंगाचा एक पंखा मानेपाशी मऊ पडलाच. तो लगेच काढून टाकला, त्या जागी रेती भरली. बाकी सगळे वाचले, आणि हस्ताचा पाऊस जाईपर्यंत पिवळीचे दोनाचे पाच पंखे झाले होते.

आईचे दोन पंखे मात्र कुंडीत तसेच होते. पहिल्या वर्षी पानं दिली, फूल नाही. दुसऱ्या वर्षी पानंही आखूड झाली. जागा बदलली, खत बदललं, हिवाळ्यात पाणी तोडून पाहिलं. मार्च गेला, एप्रिल गेला. ते झाड इथे मला हवं म्हणून राहत होतं, आणि रोज थोडं थोडं कमी होत होतं. मे २०२४मध्ये मी कुंडी गाडीत ठेवली आणि पाचगणीला घेऊन गेले.

वहिनीने काही विचारलं नाही. दादाने मागच्या उतारावर जागा केली आणि आम्ही ते दोन पंखे जुन्या ठोंबाशेजारी लावले. ठोंब तेव्हा नुकता फुलायला लागला होता, सहा-सात नारिंगी फुलं होती.

त्या फुलांकडे बघताना मला एक वाचलेली गोष्ट आठवली. ही नारिंगी जात बागांमधून जी सर्वत्र पसरली आहे ती त्रिगुणित असते, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात. साध्या डेलिलीत २२ गुणसूत्रं, काही संकरित जातींत ४४, हिच्यात ३३. त्यामुळे तिला स्वतःला बी धरत नाही, ती जमिनीखालच्या फुटव्यांनीच पसरते. पण तिचे पराग अगदीच निकामी नसतात. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो बर्डेट स्टाउट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचेच पराग दुसऱ्या जातींवर वापरून काही मोजकी रोपं मिळवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, दव वाळल्यावर, मी आणि वहिनीने मिळून सगळ्या फुलांतले पुंकेसर चिमट्याने काढले. कागदावर दुपारपर्यंत सावलीत वाळवले आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरले. डबी मांडीवर घेऊन मी घाट उतरले. घरी फ्रिजमध्ये ठेवली, तांदळाचे दाणे घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत, ओल लागू नये म्हणून.

मरूनवर मी प्रयोग केला नाही. ती ४४वाली होती. आदल्या वर्षी तिचा आणि पिवळीचा संकर करायचा मी कितीतरी वेळा प्रयत्न केला होता आणि एकही बोंड धरलं नव्हतं. २२ आणि ४४ची जोडी सहसा जमत नाही, हे उशिरा कळलं. पिवळी २२वाली. तिचा शेवटचा बहर चालू होता. कुंडीत लावलेला तिचा एक पंखा मी मुद्दाम व्हरांड्यात आणला आणि वाफ्यातल्या फुलांवर नि या फुलांवर, रोज सकाळी सात वाजता, ऊन तापायच्या आधी, आईच्या लिलीचे पराग लावले. पुंकेसर धरायचा आणि फुलातून सगळ्यात लांब बाहेर आलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला अलगद टेकवायचा. पिवळ्या फुलावर नारिंगी-तपकिरी ठिपका राहतो. प्रत्येक फुलाच्या देठाला लाल दोरा बांधला.

तेवीस फुलं. एकवीस दोरे फुलासकट गळून पडले. दोन देठांवर हिरवा मणी दिसायला लागला. जूनच्या पहिल्या पावसात वाफ्यातला मणी गळला. व्हरांड्यातला राहिला.

सात आठवडे मी ते बोंड रोज बघितलं. नवरा म्हणाला, “तू त्याला हात लावू नकोस फक्त.” लावला नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते तपकिरी झालं आणि टोकाला फाटलं. आत तीन बिया होत्या, काळ्या, मिरीएवढ्या, चकचकीत. एक बी दाबल्यावर मऊ लागलं, ते पोकळ होतं. उरलेल्या दोन रेती-कोकोपीटमध्ये अर्धा इंच खोल पेरल्या. अठराव्या दिवशी हराळीच्या काडीसारखं एक पान वर आलं, आणि श्रावण संपायच्या आत दुसरं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. एका पावसाळ्यात व्हरांड्यात आणि दुसऱ्यात वाफ्याच्या कडेला कुंड्या ठेवून दोन्ही रोपं काढली. एकाचे तीन पंखे झालेत, पानं रुंद आहेत, गेल्या डिसेंबरात ते वाढत राहिलं. दुसऱ्याची पानं अरुंद, थंडीच्या दिवसांत टोकं पिवळी पडली होती आणि नवं पान महिनाभर आलं नव्हतं. बियांपासूनच्या डेलिलीला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे रंगाबद्दल काहीच बोलता येत नाही. वहिनी दर फोनला विचारते.

दिवाळी झाल्यावर पहिलं रोप वाफ्यात लावलं, मान अर्धा इंच खाली. दुसरं कुंडीतच ठेवलंय. ते मे महिन्यात पाचगणीला जाईल. दादाने उतारावर, ठोंबाच्या खालच्या अंगाला, जागा खणून ठेवली आहे.